नागपुरात घरी समुद्री मासळी: एका दुकानाचे आणि त्याच्या तयार वाटणाचे परीक्षण

नागपूरकराला मासे परके नाहीत. भंडारा-गोंदियाकडचे मामा (माजी मालगुजारी) तलाव, वैनगंगेचे पात्र, पेंच आणि इटियाडोहसारखी धरणे यांतून येणारे रोहू, कतला, मरळ आणि वाम यांवर येथील अनेक पिढ्या पोसल्या गेल्या आहेत, आणि सावजी तर्रीत शिजलेला मासा ज्याने खाल्ला आहे त्याला तिखट कशाला म्हणतात हे वेगळे सांगावे लागत नाही. समुद्राची मासळी मात्र दीर्घ काळ हॉटेलात जाऊन खाण्याची गोष्ट राहिली. ती घरी आणायची तर ताजेपणाची खात्री नसे, कापून देणाऱ्याला सुरमई आणि रोहू यांतला फरक ठाऊक नसे, आणि कोकम, तिरफळ यांसारखे साहित्य मिळवण्यासाठी कोकणातून येणाऱ्या पाहुण्याची वाट पाहावी लागे. पश्चिम नागपुरातील एका लहानशा दुकानाने ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली आहे. मी त्या दुकानाची नियमित ग्राहक आहे. मालकांची परवानगी घेतलेली नसल्यामुळे दुकानाचे नाव येथे देत नाही. तरीही पुढे ज्या कसोट्या लावल्या आहेत त्या शहरातील कोणत्याही मासळी दुकानाला लावून पाहता येतील, आणि प्रत्येकाने त्या लावाव्यात अशी माझी इच्छा आहे.

माझे मत आधीच सांगते. या दुकानातील मासळी उत्तम आहे, कापणी त्याहून उत्तम आहे आणि मासळीसोबत लागणारे कोकणी साहित्य ठेवण्याची मालकांची समज कौतुकास्पद आहे. मात्र तेथेच विक्रीस ठेवलेले, दुसऱ्या एका उत्पादकाचे ‘फिश करी’ तयार वाटण घेऊ नये. झणझणीत मासळी घरी चांगली होण्याचे श्रेय आपण सहसा मसाल्याला देतो. समुद्रापासून इतक्या दूरच्या शहरात ते श्रेय पहिल्यांदा बर्फाला आणि नंतर आंबटाला द्यायला हवे, असे माझे ठाम मत झाले आहे.

बर्फाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. रेल्वेने मुंबई नागपूरपासून आठशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून रस्त्याचा प्रवास कमी वेळाचा झाला असला, तरी बंदरावर उतरलेली मासळी लिलाव, भरणी, प्रवास आणि वाटप हे टप्पे ओलांडून आपल्या पिशवीत येईपर्यंत बराच काळ जातोच. समुद्री माशाच्या मांसात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचे द्रव्य निसर्गतः असते. मासा मेल्यानंतर जीवाणू त्याचे ट्रायमिथिलअमाइनमध्ये रूपांतर करतात आणि आपण ज्याला ‘माशाचा वास’ म्हणतो तो प्रामुख्याने या दुसऱ्या द्रव्याचा असतो. म्हणजे तो वास समुद्री माशाचा अंगभूत गुण नसून उलटलेल्या वेळेची आणि वाढलेल्या तापमानाची खूण असते. वितळणारा बर्फ मासळीला शून्य अंशाच्या आसपास धरून ठेवतो आणि त्या तापमानाला जीवाणूंचे काम फार मंदावते. बर्फ वितळून मासळी पाण्यात तरंगू लागली की हा लाभ संपतो. शिवाय त्या पाण्यात माशाची चवही उतरते.

या दुकानात मासळी बर्फाच्या चुऱ्याच्या थरावर आणि थराखाली अशी दोन्ही बाजूंनी झाकलेली असते, परातीला उतार असतो आणि वितळलेले पाणी खाली निघून जाते. ही वरवर साधी वाटणारी व्यवस्था मी शहरातील फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे येथे दोन वेगळ्या पाट्या आहेत. बर्फातली मासळी एकीकडे आणि गोठवलेली मासळी दुसरीकडे ठेवलेली असते, आणि कोणती मासळी कोणत्या किनाऱ्यावरून आली हे फळ्यावर खडूने लिहिलेले असते. गोठवलेली मासळी वितळवून ‘ताजी’ म्हणून विकण्याचा प्रकार समुद्रापासून दूरच्या शहरांत सहज खपून जातो, कारण ग्राहकाला तुलना करायला दुसरे काही उपलब्ध नसते. माझ्या मते नागपूरकराने गोठवलेल्या मासळीला कमी लेखू नये. पकडल्यावर लगेच उणे अठरा अंशांखाली गोठवलेली आणि तशीच येथवर आणलेली सुरमई ही निष्काळजीपणे बर्फात ठेवलेल्या ‘ताज्या’ सुरमईपेक्षा कितीतरी चांगली लागते. फक्त ती गोठवलेली आहे हे सांगून विकली पाहिजे, आणि घरी आणल्यावर नळाच्या पाण्याखाली न धरता फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून सावकाश सुटी होऊ दिली पाहिजे. घाईने वितळवलेल्या तुकडीतून पाणी सुटते, ती भुसभुशीत होते आणि कालवणात मोडते.

अख्खा मासा घेताना डोळा फुगीर व स्वच्छ आहे का, कल्ला उघडल्यावर लालबुंद आहे का आणि बोटाने दाबलेले मांस परत वर येते का, हे पाहण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. नागपुरात सुरमई बहुधा तुकड्यांतच विकत घेतली जात असल्यामुळे ही रीत अपुरी पडते. तुकडीत मधल्या काट्याकडे पाहावे. मांस काट्याला घट्ट चिकटलेले असेल आणि काट्याभोवती रक्ताचा रंग लाल असेल तर ती घ्यावी. मांस काट्यापासून सुटू लागले असेल आणि तो रंग तपकिरी झाला असेल तर भाव कितीही उतरवून मिळाला तरी घेऊ नये. या दुकानात अख्खी सुरमई ग्राहकासमोर कापतात, तुकडीची जाडी विचारतात आणि डोके व शेपटीचा भाग कालवणासाठी वेगळा बांधून देतात. तळायची तुकडी आणि कालवणाची तुकडी सारख्या जाडीची असू नये, हे मला तेथील कापणाऱ्या काकांनीच पहिल्यांदा समजावून दिले. तळणाची तुकडी पातळ असावी, म्हणजे बाहेरचा थर करपण्याआधी आतले मांस शिजते. कालवणाची तुकडी बोटभर जाड असावी, म्हणजे ती रसात टिकते.

आता मुख्य पदार्थाकडे येते. सुरमईचे तिखट कालवण हा या दुकानाच्या मालाची खरी परीक्षा घेणारा पदार्थ आहे, कारण त्यात लपवायला जागा नसते. चार माणसांसाठी अर्धा किलो तुकड्या घ्याव्यात. त्यांना हळद, मीठ आणि चमचाभर कोकमाचे आगळ लावून पंधरा मिनिटे ठेवावे. त्याहून जास्त वेळ नको, कारण मीठ आणि आंबट मांसातले पाणी ओढून घेतात आणि तुकडी चिवट होते. वाटणासाठी अर्ध्या ओल्या नारळाचा चव, कोमट पाण्यात भिजवलेल्या आठ-दहा बेडगी मिरच्या, चमचाभर धणे, चार-पाच मिरे, लहानसा कांदा आणि पाच-सहा लसूण पाकळ्या लागतात. तिखटपणासाठी मी त्यात दोन भिवापुरी मिरच्या घालते. आपल्याच जिल्ह्यातील भिवापूरच्या या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि बेडगीचा गडद रंग व भिवापुरीची धार एकत्र आली की कोकणातल्या कालवणाला नागपूरच्या जिभेची ओळख पटते. वाटण अगदी गंधासारखे मऊ व्हायला हवे. नारळाचा कण जिभेला लागला तर रस पाण्यापासून वेगळा होऊन बसतो.

तेल तापले की ठेचलेला लसूण टाकावा, तो सोनेरी झाला की आच मंद करून वाटण घालावे. मिरचीचा रंग आणि तिखटपणा हे दोन्ही तेलात विरघळणारे असतात, म्हणून वाटण मंद आचेवर दोन-तीन मिनिटे तेलात परतले की कालवणावर तांबूस तवंग येतो. हा तवंग वरून तिखटाची पूड भुरभुरून कधीच येत नाही. त्यानंतर बेताचे पाणी, मीठ आणि पाच-सहा कोकमे घालून एक उकळी आणावी, तुकड्या सोडाव्यात आणि आच कमी करून सहा ते आठ मिनिटांत कालवण उतरवावे. तुकड्या पडल्यावर डाव फिरवू नये. पातेले कडेने धरून हलवावे. खळखळ उकळी चालू राहिली तर ओल्या नारळाचा रस फुटतो आणि सुरमई कोरडी पडते. कालवण झाकून अर्धा तास ठेवले म्हणजे आंबट आत मुरते.

कोकमाचे महत्त्व केवळ चवीपुरते नाही. ज्या अमाइनामुळे माशाला उग्र वास येतो त्याला आम्ल बांधून ठेवते आणि तो वास हवेत उडत नाही. कोकम, चिंच आणि लिंबू यांची मासळीशी पिढ्यान्‌पिढ्या जुळलेली जोडी यामुळेच इतकी पक्की आहे. आपल्याकडच्या तलावातल्या माशांना कधीकधी येणारा चिखलाचा वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो आणि आम्लामुळे तोही कमी होतो, म्हणून रोहूला चिंच लावून ठेवण्याची येथील घरांतली पद्धतही तितकीच शहाणपणाची आहे. दुकानात मिळणारी कोकमे काळसर, मऊ आणि जेमतेम मिठाची असतात. इतवारीतल्या किराणा दुकानांतही कोकम मिळते, परंतु ते पुष्कळदा वाळून कडक झालेले असते आणि त्यावर मिठाचा जाड थर असतो. तसे वापरायचे असल्यास आधी धुऊन घ्यावे आणि कालवणातले मीठ कमी करावे.

आता तयार वाटणाविषयी. दुकानाच्या थंड कपाटात एका उत्पादकाची पाकिटे असतात, त्यांवर ‘कोकणी पद्धतीची फिश करी’ असे छापलेले आहे आणि एका पाकिटात अर्धा किलो मासळीचे कालवण होते असा दावा आहे. अन्नपदार्थाच्या वेष्टनावर घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्यामुळे पाकीट उलटून वाचले तर पुष्कळ काही कळते. या पाकिटावर पहिला घटक कांदा आहे, दुसरे मीठ आणि तिसरे तेल. नारळ बराच खाली येतो आणि कोकमाचे नाव कोठेच नाही. आंबटपणासाठी सायट्रिक आम्ल घातले आहे. त्याने वास कमी होतो हे खरे, परंतु कोकमाची किंचित तुरट आणि फळाची अशी जी चव कालवणाला पूर्ण करते ती येत नाही. लवंग आणि दालचिनी इतकी पुढे येतात की डोळे मिटून खाल्ले तर हे मटणाचे वाटण आहे असेच कोणीही म्हणेल. मी ते सुरमईला वापरले, कोळंबीला वापरले आणि वांग्यालाही वापरून पाहिले. तिन्हींची चव एकच लागली. ज्या वाटणात सुरमई आणि वांगे सारखे लागतात त्याला मासळीचे वाटण म्हणता येणार नाही.

घरी पाकीट येऊन पडलेच असेल तर त्याचा निम्मा भाग वापरावा, वरून मीठ अजिबात घालू नये, अर्ध्या नारळाचे घट्ट दूध आणि चार कोकमे घालावीत. कालवण सुसह्य होते. मात्र इतके सर्व करायचे असेल तर मिरच्या भिजवून ताजे वाटण करायला लागणारा वेळ त्याहून फारसा अधिक नाही. दुकानदारांनी इतक्या निगुतीने आणलेली मासळी या पाकिटाच्या शेजारी ठेवावी याचे मला मनापासून वाईट वाटते, आणि ते मी त्यांना समक्ष सांगितलेही आहे.

याउलट, त्याच कपाटाच्या वरच्या फळीवर काचेच्या बरणीत तिरफळे ठेवलेली असतात. नागपुरात तिरफळ ठेवणारा दुकानदार भेटणे हीच मोठी गोष्ट आहे. बांगड्याला तिरफळाशिवाय पर्याय नाही असे मी म्हणेन. बांगडा तेलकट मासा आहे, त्याची चव सुरमईहून भारी असते, आणि जिभेला हलकीशी झिणझिणी आणणारा तिरफळाचा लिंबासारखा सुगंध त्या भारीपणाला उत्तम तोलतो. बांगड्याच्या तिखल्यासाठी सात-आठ तिरफळे घ्यावीत, आतले काळे बी काढून टाकावे, साल किंचित ठेचावी आणि रसात तशीच सोडावी. ती वाटणात बारीक वाटली तर कालवण कडवट होते. गरम मसाला येथे पूर्णपणे वर्ज्य समजावा. लाल मिरची, हळद, थोडा नारळ, चिंच किंवा कोकम आणि तिरफळ एवढ्यावर तिखले उभे राहते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तांदळाच्या भाकरीशी ते आदल्या दिवसापेक्षा सरस लागते.

बांगड्याविषयी एक इशारा गांभीर्याने द्यायला हवा. बांगडा, कुपा या जातीचे मासे थंड साखळी तुटली की धोकादायक ठरू शकतात, कारण त्यांच्या मांसात जीवाणूंमुळे हिस्टामिन तयार होते आणि एकदा तयार झालेले हिस्टामिन शिजवल्याने किंवा तळल्याने नष्ट होत नाही. चेहरा लाल होणे, अंगावर गांधी उठणे, डोके दुखणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि लोक त्याला ‘माशाची ॲलर्जी’ समजून आयुष्यभर मासे सोडून देतात. त्यामुळे बांगडा विश्वासाच्या ठिकाणीच घ्यावा. या दुकानाविषयी माझा विश्वास ज्या प्रसंगाने पक्का झाला तो असा की, उन्हाळ्यात एके दिवशी मी बांगडे मागितले असता मालक म्हणाले, “ताई, आज बांगडा नका घेऊ. गाडी उशिरा आली आहे, बर्फ कमी होता. सुरमई गोठवलेली आहे, ती घ्या.” परातीत बांगडे समोर दिसत होते आणि ते मला सहज विकता आले असते. ते बांगडे त्यांनी नंतर कोणालाच विकले नाहीत.

कोळंबीच्या बाबतीत मात्र मी कोकणाची वाट सोडून सावजी वाट धरते. येथील बाजारात ज्यांना झिंगे म्हणतात त्यांचे मांस गोडसर असते आणि तो गोडवा सावजीच्या काळ्या मसाल्यासमोर दबत नाही, उलट उठून दिसतो. सुरमईला सावजी मसाला लावला तर मसालाच खावा लागतो. कोळंबीला लावला तर दोन्ही खाता येतात. भाजलेले सुके खोबरे, खसखस, दगडफूल, मिरे आणि लवंग यांचा हा मसाला मुळात दीर्घकाळ शिजणाऱ्या मांसासाठी घडला आहे, आणि घरोघरी चूक होते ती येथेच. मटणासारखी कोळंबीही तर्रीत अर्धा तास उकळली जाते आणि तिचे रबर होते. तर्री आधी पूर्ण शिजवावी. कांदा काळपट होईपर्यंत परतावा, मसाला तेल सुटेपर्यंत भाजावा, पाणी घालून वीस-पंचवीस मिनिटे मंद उकळू द्यावी, मीठ-तिखट चाखून नक्की करावे आणि ताटे वाढायला घेण्याच्या वेळेस कोळंबी घालावी. मध्यम आकाराची कोळंबी तीन ते चार मिनिटांत शिजते. ती अर्धगोल वळली आणि पारदर्शकपणा जाऊन गुलाबी-पांढरी झाली की आच बंद करावी. दोन्ही टोके एकमेकांना टेकली तर वेळ उलटून गेली असे समजावे.

दुकानातून कोळंबी घेताना ती अख्खीच घ्यावी असा माझा आग्रह आहे. अख्ख्या किलोभर कोळंबीतून सोलल्यावर साधारण निम्मे वजन हाती येते हे खरे, पण उरलेली डोकी आणि टरफले वाया घालवायची नसतात. ती चमचाभर तेलात लाल होईपर्यंत परतून दोन वाट्या पाण्यात पंधरा मिनिटे उकळावीत आणि ते पाणी गाळून तर्रीत वापरावे. साध्या पाण्याच्या तर्रीत आणि या तर्रीत जो फरक पडतो तो कोणत्याही मसाल्याने भरून निघत नाही. पाठीवरचा काळा धागा काढण्याचे काम दुकानात विनामूल्य करून देतात, मात्र रविवारी सकाळी गर्दीमुळे ते नीट होत नाही आणि घरी पुन्हा तपासावे लागते. गोठवलेल्या सोललेल्या कोळंबीच्या पाकिटांवर बर्फाचा पातळ लेप असतो. तो कोळंबी कोरडी पडू नये म्हणून दिलेला असतो आणि त्यात गैर काही नाही, परंतु वेष्टनावर लिहिलेले निव्वळ वजन त्या बर्फाशिवायचे असायला हवे. दुकानातील दोन प्रकारच्या पाकिटांपैकी स्वस्त पाकिटातली कोळंबी वितळवून निथळल्यावर लिहिलेल्या वजनापेक्षा बरीच कमी भरली. महाग पाकिटातली बरोबर भरली. हिशेब केला तर दोन्हींचा भाव जवळपास एकच पडतो.

घरपोच सेवेविषयी माझे समाधान अर्धवट आहे. सकाळी फोनवर मागणी नोंदवता येते, कापणी सांगितल्याप्रमाणे होते, आणि पिशवीवर वजन व वेळ लिहिलेली असते. पण पिशवीत घातलेला थंड जेलचा तुकडा लहान असतो. हिवाळ्यात तो पुरतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असताना दुपारी फिरणाऱ्या दुचाकीच्या डब्यात तो पुरत नाही. एप्रिल ते जूनमध्ये सकाळी दहाच्या आतली वेळच मागून घ्यावी, नाहीतर स्वतः जाऊन आणावी, आणि घरून डबा व बर्फ सोबत न्यावा. दुकानाने उन्हाळ्यापुरती दुपारची सेवा बंदच केली तर ग्राहकांचे काही बिघडणार नाही.

भाव उतरता नाही. सुरमई आणि पापलेट येथे रोहूच्या कितीतरी पट महाग पडतात, आणि रोज खाण्याची ही मासळी नव्हे. बांगडा तुलनेने स्वस्त आहे आणि तिखट पदार्थांसाठी तो पापलेटपेक्षा अधिक योग्य आहे. पापलेटचे नाजूक मांस तिखट वाटणात हरवते, म्हणून त्याच्यावर खर्च करायचा असेल तर मीठ, हळद आणि लिंबू लावून तव्यावर परतावे. ‘बासा’ नावाचे बिनकाट्याचे पांढरे काप येथेही ठेवतात. तो गोड्या पाण्यात वाढवलेला मासा आहे, समुद्राचा नव्हे. दुकानदार विचारल्यावर तसे स्पष्ट सांगतात, पण फळ्यावरही लिहायला हवे.

ताजे बोंबील हे दुकान ठेवत नाही, आणि मला ते योग्य वाटते. बोंबलाच्या मांसात पाण्याचे प्रमाण इतके असते की एवढ्या प्रवासानंतर त्याची लगदाच होण्याची भीती असते. सुके बोंबील, सोडे आणि जवळा मात्र चांगल्या प्रतीचे मिळतात. सोडे घेताना ते पूर्ण कोरडे, फिकट नारिंगी आणि आतून न मोडलेले पाहावेत. पांढरी बुरशी किंवा ओलसर वास आला तर परत करावेत. घरी आणल्यावर हवाबंद बरणीत घालून फ्रीजमध्ये ठेवावेत, कारण आपल्या पावसाळ्यातली दमट हवा त्यांना आठवड्याभरात मऊ पाडते.

वर्षातल्या कोणत्या महिन्यांत काय घ्यावे याचा विचार नागपूरकराने किनाऱ्यावरच्या माणसापेक्षा थोडा वेगळा करायला हवा, कारण आपल्याकडे दोन्ही समुद्रांची मासळी येते. प्रजननकाळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते: पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून आणि पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, दोन्हीकडे एकसष्ट दिवस. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये फळ्यावर मुंबई, रत्नागिरी आणि गुजरातची नावे दिसली पाहिजेत, आणि १५ जूननंतर जुलैअखेरपर्यंत आंध्र आणि ओडिशाची. जुलैमध्ये कोणी रत्नागिरीची ताजी सुरमई म्हणून काही दाखवू लागला तर त्याला बंदीची तारीख विचारावी. १ ते १४ जून या पंधरवड्यात दोन्ही किनारे बंद असतात. तेव्हा या दुकानाच्या फळ्यावर बर्फातल्या समुद्री मासळीची बाजू रिकामी असते आणि फक्त गोठवलेला माल व सुकी मासळी मिळते. त्या दिवसांत सोडे कोमट पाण्यात वीस मिनिटे भिजवून, लसणाच्या फोडणीत भिवापुरी तिखट, कांदा आणि बटाट्यासह परतावेत आणि उतरवताना दोन कोकमे घालावीत. ज्वारीच्या भाकरीशी खायला दुसऱ्या कालवणाची गरज पडत नाही.